'कोणत्याही दोन व्यक्ती' : एका निकालाचे वाचन

समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता नाकारणारा सर्वोच्च न्यायालयाचा १७ ऑक्टोबर २०२३ चा निकाल ('सुप्रियो विरुद्ध भारत सरकार') हा मुख्यतः वाचनाविषयीचा निकाल आहे. म्हणूनच तो समीक्षेच्या कक्षेत येतो. साहित्यकृतीच्या चुकीच्या वाचनाने कोणाचे निवृत्तिवेतन अडत नाही. येथे ते अडते.

१९५४ च्या विशेष विवाह कायद्याचे चौथे कलम 'कोणत्याही दोन व्यक्तीं'च्या विवाहाने सुरू होते. पुढे वयाची अट येताच व्यक्तीचे पुरुष (२१ वर्षे) आणि स्त्री (१८ वर्षे) असे विभाजन होते. (मराठीत 'व्यक्ती' हा शब्द व्याकरणाने स्त्रीलिंगी आहे, पण तेवढ्याने पुरुष त्यातून वगळले जात नाहीत.) पती-पत्नीऐवजी 'जोडीदार' असे वाचावे, ही याचिकाकर्त्यांची मागणी पाचही न्यायमूर्तींनी अमान्य केली. या कायद्याने अनुच्छेद १४ चा भंग होतो असे मानणारे न्या. कौल यांनीही ती मान्य केली नाही. कायदा वारसा आदी अन्य कायद्यांशी गुंफलेला असल्याने एक शब्द बदलला की सारी वीण विस्कटेल, असा युक्तिवाद होता. आंतरसंहितात्मकतेचा हा उलटा उपयोग होय. समीक्षेत अन्य संहितांशी असलेले नाते अर्थ मोकळा करते. येथे तेच त्याला जखडून टाकते.

यातील संयम समजण्यासारखा आहे, विसंगती नव्हे. पारलिंगी व्यक्तीला विद्यमान कायद्यांखालीच भिन्नलिंगी विवाहाचा हक्क आहे, हे याच निकालाने एकमताने मान्य केले. 'पुरुष' आणि 'स्त्री' या शब्दांचा अर्थ विस्तारू शकतो, हे त्यातून सिद्धच होते. हलत नाही ती त्यांची जोडी.

विवाह ही राज्यसंस्थेच्या आधीची सामाजिक संस्था आहे, हा बहुमताचा आधार तर या विशिष्ट कायद्यापुढे टिकत नाही. १८७२ च्या कायद्याखाली विवाह करणाऱ्यांना आपण हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती इत्यादी धर्म मानत नाही असे जाहीर करावे लागे. १९५४ मध्ये ती अट उरली नाही. रूढीने ज्यांना नाकारले त्यांच्यासाठीच राज्याने हा विवाह घडवला होता.

भविष्यनिर्वाह निधी, उपदान आणि कुटुंब निवृत्तिवेतन यांपासून समलिंगी जोडप्यांना वंचित ठेवण्यातला भेदभाव न्या. भट यांनी मान्य केला. उपाय मात्र मंत्रिमंडळ सचिवांच्या समितीकडे सोपवला. पुनर्विलोकन याचिकाही ९ जानेवारी २०२५ रोजी फेटाळल्या गेल्या. याच न्यायालयाने २०१८ मध्ये 'नवतेज जोहर' प्रकरणी कलम ३७७ मधील एकही शब्द न खोडता त्याचा अर्थ संकुचित केला होता.