पडद्यावरचा वेडा, आळीतला वेडा

हिचकॉकच्या ‘सायको’ने १९६० साली मनोरुग्णाच्या हाती सुरा दिला, पुढील कित्येक चित्रपटांनी तो तसाच राहू दिला. आपल्या आळीत कोणी स्वतःशी पुटपुटू लागला की आपण मुलांना आत बोलावतो, ते याच पडद्याच्या शिकवणुकीने.

वास्तव निराळे आहे. पिट्सबर्ग या अमेरिकन शहरात इस्पितळातून घरी परतलेल्या मनोरुग्णांची त्यांच्याच वस्तीतील शेजाऱ्यांशी तुलना झाली. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात निर्व्यसनी रुग्ण निर्व्यसनी शेजाऱ्यांहून अधिक हिंसक आढळले नाहीत. दारू व मादक द्रव्यांनी मात्र दोहोंकडे हिंसा वाढविली होती. गुत्ता आपल्याला चालतो, ही गोष्ट वेगळी!

सुमित्रा भावे–सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ (२००४) म्हणूनच मोलाचा वाटतो. अतुल कुलकर्णी यांचा स्किझोफ्रेनियाग्रस्त शेष इतरांना भिवविण्याऐवजी स्वतःच भेदरलेला आहे. वनराईच्या दृश्यांत दिग्दर्शक जरा अधिकच रेंगाळतात, आणि आजाराला काव्याची झालर लागते. परंतु सोनाली कुलकर्णी यांनी साकारलेली बहीण त्याला सांभाळताना थकते, आणि तो थकवा चित्रपटाने झाकलेला नाही.