प्रमाण आणि मुक्तस्रोत : मराठी ‘ऱ्य’चा दाखला

मुक्तस्रोत आज्ञावलींचा पुरस्कार करणाऱ्या संस्था आणि प्रमाणे ठरविणाऱ्या संस्था यांच्या संबंधाविषयी एक युक्तिवाद रूढ आहे. प्रमाण खुले असले म्हणजे ते कोणासही पाळता येते, आणि आज्ञावली मुक्त असली म्हणजे ते पाळले गेले की नाही हे पडताळता येते. हा युक्तिवाद खोटा नव्हे. तो अपुरा आहे. मराठीतील एका जोडाक्षरावरून हे अपुरेपण स्पष्ट होते.

‘आचार्यास’ म्हणजे गुरूस, ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक्यास. ‘दर्या’ निराळा, ‘दऱ्या’ निराळ्या. हा अर्थभेद लेखनात केवळ रफार आणि अर्धा रकार यांच्या भेदावर उभा आहे. १९९१ साली स्थापन झालेल्या युनिकोड संस्थेच्या प्रमाणात हा अर्धा रकार दोन रीतींनी लिहिता येतो : ‘ऱ’ला हलन्तचिन्ह देऊन, किंवा साध्या ‘र’ला हलन्तचिन्ह व त्यापुढे अदृश्य जोडचिन्ह देऊन. दुसरी रीत २.० या जुन्या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून ठेवलेली आहे. वाचकाला दोन्ही आकृती एकच दिसतात. प्रमाणाच्या लेखी मात्र त्या समतुल्य नाहीत.

शब्दांचा अनुक्रम लावताना ही विसंगती अधिकच जाणवते. युनिकोडच्या मूळ अनुक्रमनियमात अदृश्य जोडचिन्ह सर्वथा उपेक्षणीय मानले आहे. त्यामुळे पहिल्या रीतीने लिहिलेल्या ‘दऱ्या’ दर्यापासून वेगळ्या राहतात, दुसऱ्या रीतीने लिहिलेल्या मात्र दर्यातच बुडतात! येथे आज्ञावलीने प्रमाण मोडलेले नाही. ते तंतोतंत पाळल्यानेच हा दोष उद्भवतो. प्रमाणपालन हीच अंतिम कसोटी मानणाऱ्या मुक्तस्रोत संस्थांनी हे ध्यानी घेणे अवश्य आहे.

एकदा दिलेले संकेत मागे घ्यावयाचे नाहीत, ही युनिकोडची प्रतिज्ञा योग्यच आहे. अन्यथा जुने लेखन निरर्थक होईल. तथापि भाषेपुरता अनुक्रम बदलण्यास प्रमाणाची आडकाठी नाही. २०१६ पासून ‘आयसीयू’ हा मुक्तस्रोत आज्ञासंग्रहही याच संस्थेकडे आहे, आणि ‘लिब्रेऑफिस’सारख्या आज्ञावली त्यावर विसंबतात. म्हणजे नियम करणारी आणि तो अमलात आणणारी संस्था येथे एकच आहे. तिची जबाबदारीही त्यामुळे दुप्पट ठरते.

मुक्तस्रोतामुळे दुरुस्तीचा अधिकार लाभतो. दुरुस्ती कोणती करावी, हे ज्ञान लाभत नाही. ते भाषेच्या वर्णनातूनच यावयास हवे. मराठीच्या अभ्यासकांनी ते पुरविले नाही, तर खुले दारही मराठीपुरते बंदच राहील.