अश्रूंच्या पलीकडे : मराठी कलाकृतींतील परावलंबी वार्धक्य

वार्धक्य हा मराठी रंगभूमीचा आवडता विषय आहे. वृद्धाचे अपंगत्व मात्र तिने फारसे हाताळलेले नाही. या दोन विधानांत कोणाला विसंगती वाटेल, म्हणून थोडा खुलासा करतो. रंगमंचावरील आपला म्हातारा अपमानित असतो, एकाकी असतो, क्वचित विमनस्कही असतो. पण त्याला मोरीपर्यंत कोण नेते, ऐकू येत नसताना दार वाजले तर काय होते, अर्धांगवायूने लुळ्या पडलेल्या हातावर सदऱ्याची बाही कोण चढवते, हे प्रश्न पडदा पडेपर्यंत सहसा कोणी विचारीत नाही. तो दुःखी आहे हे आपल्याला कळते. तो परावलंबी आहे म्हणजे नेमके काय, हे कळत नाही. तीन सुपरिचित कलाकृतींच्या आधारे या उणिवेचा विचार येथे करावयाचा आहे, कारण ती केवळ नाट्यगृहातली नसून आपल्या घराघरांतली आहे.

वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ १९७० साली रंगभूमीवर आले. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’ची छाया त्यावर आहे हे सर्वश्रुत आहे. अप्पासाहेब बेलवलकर आपली मालमत्ता मुलांच्या स्वाधीन करतात आणि त्याच मुलांच्या दारी नकोसे होतात. नाटकाचे सामर्थ्य वादातीत आहे. डॉ. श्रीराम लागूंनी साकारलेले अप्पासाहेब ज्यांनी पाहिले, ते त्यांना विसरलेले नाहीत. तथापि नाटकाची रचना न्यायालयासारखी आहे. आरोपीच्या पिंजऱ्यात मुलगा, सून आणि मुलगी उभी आहेत. फिर्यादी अप्पासाहेब आहेत. आणि प्रेक्षक हा न्यायाधीश आहे. निकाल अर्थात आधीच ठरलेला असतो. आपण डोळे पुसतो, कृतघ्न मुलांना दोष देतो आणि आपण स्वतः तसे नाही या समाधानात घरी परततो. शेवटी अप्पासाहेबांना आधार देतो तो बूटपॉलिश करणारा एक पोर. म्हणजे घर नाहीसे झाले की उरतो तो केवळ रस्ता. घर आणि रस्ता यांच्या मध्ये या नाटकात काहीही नाही.

जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’त ही पोकळी अधिक गडद होते. येथे खलनायक नाही. नाना आणि नानी यांचा एक मुलगा अमेरिकेत आहे, दुसरा सैन्यदलात. दळवी कोणावरही आरोप ठेवीत नाहीत, हे त्यांचे मोठेपण. परंतु त्या दाम्पत्याच्या दिवसाची मोजदाद ते ज्या बारकाईने करतात, त्यातून एक गोष्ट ठळकपणे जाणवते : त्यांच्या चार भिंतींबाहेर समाज नावाची वस्तूच नाही. दार उघडून येणारा माणूस हा अपवाद, आणि त्याची वाट पाहणे हाच दिनक्रम. अखेरीस ते दोघे स्वतःच जीवनाचा शेवट करतात. या शेवटाला अपरिहार्य म्हणावे काय? मला तो मान्य नाही. मुले दूर आहेत म्हणून आयुष्य संपले, ही समजूत नाटक तपासून पाहत नाही. ते ती गृहीत धरते. आज वसईच्या वाड्यांतून आखाती देशांत आणि कॅनडात गेलेल्या मुलांचे आईवडील ज्या ज्या घरांत राहतात, तेथे ही समजूत तपासण्याची नितांत आवश्यकता आहे.

विशेष म्हणजे २००७ साली आपल्या संसदेने आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा व कल्याणाचा जो कायदा केला, त्याचा साचाही काहीसा ‘नटसम्राट’चाच आहे. मुलांकडून निर्वाहखर्च मागता यावा म्हणून न्यायाधिकरणे आली. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता ती अट मोडल्यास परत मिळविण्याची तरतूद झाली. अप्पासाहेबांनी दिले ते कोणतीही अट न घालता, हे येथे आठवते! या तरतुदी आवश्यकच आहेत. परंतु दर जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांना सामावणारे एक निवासगृह असावे, या कलमाची भाषा पाहा. मुलांवर कायदा कर्तव्य लादतो. निवासगृहाच्या बाबतीत मात्र राज्य शासन ते स्थापन ‘करू शकेल’ एवढेच म्हणतो. कुटुंबाला आज्ञा आणि समाजाला मुभा, अशी ही वाटणी आहे.

या पार्श्वभूमीवर सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २०१३ सालचा ‘अस्तु’ हा चित्रपट वेगळा उठून दिसतो. डॉ. चक्रपाणी शास्त्री हे संस्कृतचे विद्वान स्मृतिभ्रंशाने ग्रासलेले आहेत. मोहन आगाशे यांनी ही भूमिका अत्यंत संयमाने केली आहे. मुलगी इरा त्यांना मोटारीत बसवून क्षणभर दुकानात जाते. तेवढ्यात रस्त्याने चाललेला हत्ती पाहून ते मोटारीतून उतरतात आणि बालसुलभ कुतूहलाने त्याच्यामागे जातात. पुढचा सारा चित्रपट शोधाचा आहे. येथे प्रथमच रोग दिसतो, लक्षणे दिसतात आणि मुख्य म्हणजे सांभाळणारी व्यक्ती दिसते. इरा कृतघ्न नाही. ती थकलेली आहे. तिचे वडिलांवर प्रेम आहे आणि तरीही ते हरवतात. प्रेम असूनही माणूस हरवू शकतो, हे सत्य आपल्या कलाकृतींनी इतक्या स्पष्टपणे क्वचितच सांगितले असेल. ज्या मुलीला आठवड्यातून दोन तास कोणी मोकळे करीत नाही, तिच्याकडून अखंड जागरूकतेची अपेक्षा करणे म्हणजे तिच्या प्रेमाला शिक्षा देणे होय.

माहुताची बायको चन्नम्मा त्या अनोळखी वृद्धाला जवळ करते, आणि तो तिलाच आई म्हणू लागतो. या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तो सर्वथा योग्य होता. चन्नम्मा त्याला विद्वान म्हणून ओळखत नाही, रोगी म्हणूनही नाही. भुकेलेला जीव म्हणून ओळखते. विद्वत्ता गळून पडल्यावर माणसाची प्रतिष्ठा कशात उरते, या प्रश्नाचे चित्रपटाने दिलेले हे उत्तर मनाला भिडते.

परंतु माझा आक्षेप येथेच आहे. चन्नम्मा भेटली हा योग आहे. ती भेटली नसती तर? ज्याच्या स्वतःच्या घरी उद्याच्या अन्नाची शाश्वती नाही, अशा स्त्रीच्या करुणेवर आपण सुशिक्षितांच्या वृद्धापकाळाची व्यवस्था सोपवावी काय? ‘नटसम्राट’मधील बूटपॉलिशवाला पोर आणि ‘अस्तु’मधील चन्नम्मा यांच्यात चाळीसहून अधिक वर्षांचे अंतर आहे, तरीही आधाराची जागा तीच : दरिद्री माणसाचे मोठे मन. चित्रपट हे काही योजनांचे माहितीपत्रक नव्हे, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. पण कलाकृती ज्याची कल्पनाच करू शकत नाही, ते समाजही सहसा उभारीत नाही.

मग प्रत्यक्षात आहे तरी काय? २०११ च्या जनगणनेनुसार देशातील अपंगांची संख्या सुमारे २ कोटी ६८ लाख होती आणि त्यांपैकी जवळजवळ पाचवा हिस्सा साठी ओलांडलेल्यांचा होता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीसपर्यंत वाढविले. त्या यादीत पार्किन्सनच्या आजाराचे नाव आहे. शास्त्रीबुवांच्या स्मृतिभ्रंशाला मात्र स्वतंत्र स्थान नाही. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. केंद्राच्या अपंग निवृत्तिवेतनासाठी दारिद्र्यरेषेखालील असणे आणि ८० टक्के अपंगत्व असणे आवश्यक असून त्यातील केंद्राचा वाटा एकोणऐंशी वर्षांपर्यंत दरमहा ३०० रुपये व त्यापुढे ५०० रुपये ठरविलेला आहे. २०१७ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून गरीब वृद्धांना काठी, कुबड्या, चाकाची खुर्ची, श्रवणयंत्र, चष्मा आणि कवळी देण्याची सोय झाली. १४५६७ या क्रमांकाची दूरध्वनी सेवा २०२१ साली देशभर सुरू झाली.

यादी अगदीच रिकामी नाही. पण तिच्या प्रत्येक ओळीत एक ‘चन्नम्मा’ गृहीत धरलेली आहे. दाखल्यासाठी रुग्णालयात कोण नेणार? शिबिराची तारीख कोण सांगणार? श्रवणयंत्राची बॅटरी संपली की ते खणात पडून राहते. ती कोण बदलणार? ज्याला ऐकू येत नाही त्याला दूरध्वनीचा काय उपयोग? वस्तू देता येते, पण वस्तू वापरण्याजोगी ठेवणारा शेजार शासनाच्या आदेशाने निर्माण होत नाही.

तो निर्माण करता येतो, याचा एक दाखला आपल्या परंपरेत आहे. १८३९ साली फ्रान्समधील सॅन-सर्व्हां गावी जान जुगां या कष्टकरी स्त्रीने एका अंध आणि अर्धांगवायू झालेल्या वृद्धेला उचलून घरी आणले व तिला स्वतःचा बिछाना दिला. येथपर्यंत ती चन्नम्माच आहे. पण ती तेथे थांबली नाही. दुसरी वृद्धा आली, सोबतिणी आल्या, मोठे घर आले, टोपली घेऊन दारोदार मागणे आले. आणि ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर’ हा धर्मभगिनींचा संघ उभा राहिला. २००९ साली ख्रिस्तसभेने जुगांना संतपद दिले. करुणेला पाळ्या, जागा आणि हिशेब मिळाले की तिची सेवा होते. न मिळाल्यास ती एक हृद्य प्रसंग होऊन राहते.

आपल्या धर्मग्रामांना हे अशक्य नाही. प्रत्येक वाडीत कोण अंथरुणाला खिळले आहे, कोणाला दिसत नाही, आणि त्यांना सांभाळणारे कोण आहे, याची नोंद असावी. दाखल्याच्या दिवशी सोबत जाणारे दोघे तरुण ठरलेले असावेत. सांभाळणाऱ्या सुनेला किंवा मुलीला आठवड्यातून एक दुपार मोकळी मिळावी, अशा पाळ्या लावाव्यात. चर्चच्या आणि सभागृहाच्या पायऱ्यांशेजारी उतरण असावी. यांपैकी कशालाही फार मोठा निधी लागत नाही. लागते ती नियमितता, आणि नियमितता ही अश्रूंपेक्षा अवघड आहे.

‘नटसम्राट’ने आपल्याला रडविले, ‘संध्याछाया’ने अस्वस्थ केले, ‘अस्तु’ने समजावले. तिन्ही कलाकृतींचे ऋण मान्य करूनही म्हणावेसे वाटते की मराठीत अजून एक नाटक लिहिले जावयाचे आहे. त्यात म्हातारा रस्त्यावर येणार नाही आणि मुलगी एकटी धावणार नाही. शुक्रवारी दुपारी शेजारीण पाळीनुसार दार उघडून आत येईल आणि त्यात कोणालाच काही विशेष वाटणार नाही. असे नाटक लिहिणाऱ्याला उभे करण्याजोगे वास्तव प्रथम आपल्या वाड्यांतून दिसावयास हवे.