हिऱ्याआडच्या मेहेरबाई
लेडी मेहेरबाई टाटांवरचे लेख मी वाचत आलो. बहुतेकांत २४५ कॅरटचा ज्युबिली हिरा पुढे, बाई मागे. १९२४ साली पोलाद कारखाना तगवण्यासाठी दोराबजींनी खासगी मालमत्ता इंपीरियल बँकेकडे तारण ठेवली, त्यात हा हिराही होता. या कथेत बाईंनी फक्त दागिना उतरवून द्यायचा. (असा त्याग आपल्याला फार आवडतो!) साडी नेसून टेनिस खेळणे हीसुद्धा लेखकांना गंमतच वाटते. मात्र १९२७ साली मिशिगनमधल्या बॅटल क्रीक येथे त्यांनी हिंदू विवाह विधेयकाची बाजू मांडली, त्याला जेमतेम एक ओळ. पारशी घरातल्या श्रीमंत बाईने हिंदू मुलींच्या लग्नाविषयी परक्या देशात कोणत्या अधिकाराने बोलावे? चरित्रकाराने इथेच थांबायला हवे होते.