मुक्तिबोधांचा ‘तीसरा क्षण’ : लेखनप्रक्रियेचा विचार

लेखक स्वतःच्या लेखनाविषयी बोलू लागला की बहुधा सवयी, प्रेरणा आणि आठवणी सांगतो. गजानन माधव मुक्तिबोध (1917–1964) यांनी ‘तीसरा क्षण’ या हिंदी लेखात लेखनाच्या प्रक्रियेचेच टप्पे पाडले आहेत. मुक्तिबोध मराठी भाषक घराण्यातले. बंधू शरच्चंद्र मराठीत लिहीत, गजानन माधवांनी हिंदी निवडली. हा लेख ‘एक साहित्यिक की डायरी’ (1964) या पुस्तकात आहे.

त्यांचे तीन क्षण असे : पहिला, जीवनातल्या उत्कट अनुभवाचा. दुसरा, तो अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून सुटून डोळ्यांपुढे फँटसी बनून उभा राहतो तो. तिसरा, ही फँटसी शब्दांत उतरू लागल्यापासून रचना पूर्ण होईपर्यंतचा.

खरा मुद्दा तिसऱ्या क्षणात आहे. शब्दांना समाजाने दिलेले अर्थ आधीच चिकटलेले असतात. ते फँटसीला वळण देतात, तिच्यात भर घालतात, काही गाळायला लावतात. त्यामुळे पूर्ण झालेली कविता मूळ फँटसीची नक्कल उरत नाही. लेखाचा घाटही या विचाराला साजेसा आहे : केशव नावाच्या मित्राशी चाललेल्या संवादातून मांडणी पुढे सरकते.

या मांडणीत एक अडचण आहे. ‘पहिला, दुसरा, तिसरा’ या नावांमुळे प्रक्रिया एकाच दिशेने जाते असे वाटते. पण शब्द जर फँटसीला बदलत असतील, तर लेखकाला पुन्हापुन्हा मागे जावे लागणार. अभियांत्रिकीत आपण याला फीडबॅक म्हणतो. ‘क्षण’ हा शब्दही तोकडा पडतो. मुक्तिबोधांच्याच ‘अंधेरे में’ या दीर्घ कवितेचा रचनाकाळ 1957 ते 1962 असा दिला जातो. म्हणजे हा क्षण काही वर्षे चालू शकतो.

तरीही विद्यार्थ्यांनी हा लेख जरूर वाचावा. “समजले आहे, फक्त लिहिता येत नाही,” असे वर्गात नेहमी ऐकू येते. मुक्तिबोधांचा विचार मान्य केला तर लिहून होईपर्यंत समजणेही अपुरेच असते. प्रकल्पाचा अहवाल दुसऱ्याकडून तयार करून घेणाऱ्याचे टंकलेखनाचे श्रम वाचतात. पण आपल्या प्रयोगात नेमके काय घडले, हे उलगडण्याची संधी त्याच्या हातून जाते.