कादंबरीचे घटक

कादंबरीचे घटक : कादंबरीचे विवेचन करताना कथानक, पात्रे, स्थलकाल वा वातावरण, निवेदनपद्धती, भाषा आणि आशयसूत्र अशी जी अंगे वेगळी काढून दाखविली जातात, त्यांस सामान्यतः कादंबरीचे घटक म्हणतात. मराठीच्या अध्यापनात ही विभागणी दीर्घकाळ रूढ आहे आणि नवख्या वाचकाला तिचा उपयोगही होतो. तथापि ‘घटक’ हा शब्द काहीसा फसवा आहे. भिंतीतून वीट काढावी, तसे कादंबरीतून कथानक काढता येत नाही. ते वेगळे करून सांगितले, की हाती राहतो तो गोषवारा. म्हणून या घटकांची नावे माहीत होणे म्हणजे कादंबरी समजणे नव्हे. एक घटक दुसऱ्यावर कोणते कार्य करतो हे ध्यानात येऊ लागले, म्हणजे वाचनाला खरा प्रारंभ होतो.

घटक सुटे वाटण्याला मराठी कादंबरीचा आरंभकाळही थोडासा कारणीभूत आहे. ‘कादंबरी’ हे नाव बाणभट्टाच्या सातव्या शतकातील संस्कृत गद्यकृतीवरून आले. वाङ्मयप्रकार मात्र इंग्रजी वाङ्मयाच्या परिचयातून आला. बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांच्या यमुनापर्यटन (१८५७) या कादंबरीत एका दांपत्याच्या प्रवासाच्या सूत्रावर विधवांच्या दुःस्थितीचे प्रसंग ओवलेले आहेत. तेथे प्रवास वेगळा, प्रसंग वेगळे आणि त्यांवरील उपदेश वेगळा असे सहज दाखविता येते. लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या मुक्तामालेत (१८६१) अद्‌भुत घटनांची साखळीच प्रधान आहे. अशा कृतींना घटकांची यादी चपखल बसते. पुढील काळातील श्रेष्ठ कादंबऱ्यांना ती तितकी बसत नाही, आणि हाच त्यांच्या श्रेष्ठत्वाचा एक पुरावा मानता येईल.

हे परस्परावलंबन एका उदाहरणाने स्पष्ट करता येते. नासिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील सायखेडा हे गोदावरीकाठचे बाजाराचे गाव होय; पलीकडच्या तीरावर चांदोरी आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये व पुन्हा ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरीला आलेल्या महापुराचे पाणी या दोन्ही गावांत शिरले होते. भूगोलाच्या वा वृत्तांताच्या दृष्टीने एवढी नोंद पुरेशी आहे. आता या पार्श्वभूमीवर एक काल्पनिक प्रसंग मानू. बाजारपेठेतील एका किराणा दुकानात पाणी शिरते. दुकानदाराची उधारीची वही भिजून तिचा लगदा होतो. पुढे तो आपल्या मुलीचे लग्न लांबणीवर टाकतो. येथे तीन घटना एकीपुढे एक आल्या, परंतु कथानक अद्याप सिद्ध झालेले नाही. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी ॲस्पेक्ट्स ऑफ द नॉव्हेल (१९२७) या व्याख्यानसंग्रहात गोष्ट आणि कथानक यांत जो भेद केला आहे, तो असा, की गोष्टीत कालक्रम असतो आणि कथानकात कार्यकारणभाव. वही गेल्यामुळे येणे बुडाले आणि येणे बुडाल्यामुळे लग्न राहिले, असे म्हणताच घटनांना एकमेकींचा आधार मिळतो. पण कोणाकडे किती येणे होते हे देणेकऱ्यांना ठाऊक आहेच. ते आपण होऊन येऊन सांगतील काय? हा प्रश्न उद्‌भवताच कथानक पात्रांच्या स्वभावावर अवलंबून राहू लागते. एक देणेकरी येतो, दुसरा रस्ता बदलून जातो, तिसरा रक्कम कमी करून सांगतो. येथे स्वभावदर्शन कोठे संपले आणि कथानक कोठे सुरू झाले, याची रेघ ओढणे अशक्य आहे. त्याचप्रमाणे पूर हा केवळ देखावाही राहिलेला नाही. तो या गावाची उभी उसनवार उघडी करतो.

याच प्रसंगाचा निवेदक बदलून पाहिला, तर सर्वच घटक हलतात. दुकानदार स्वतः सांगू लागला, तर ती नुकसानीची कहाणी होईल. रस्ता बदलणारा देणेकरी सांगू लागला, तर तीच समर्थनाची वा पश्चात्तापाची होईल. लग्न राहिले म्हणून ज्या मुलीला मनातून बरे वाटले, तिने सांगितले, तर पुराचा अर्थच उलटेल. घटना मात्र सर्वत्र त्याच. निवेदनपद्धतीचा उल्लेख अभ्यासक्रमांच्या याद्यांत बहुधा शेवटी आणि ‘प्रथमपुरुषी’ वा ‘तृतीयपुरुषी’ एवढ्या शब्दांत उरकलेला असतो. वस्तुतः विद्यार्थ्याने पहिला प्रश्न विचारावयाचा तो हाच : हे कोण सांगत आहे, कोणत्या जागेवरून, आणि त्याला काय दिसू शकत नाही?

हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) यांची पण लक्षात कोण घेतो ही कादंबरी या दृष्टीने मराठीतील निर्णायक कृती होय. १८९० पासून ती करमणूक या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली आणि १८९३ मध्ये ग्रंथरूपाने आली. विषय यमुनापर्यटनाचाच, म्हणजे हिंदू स्त्रीची व विशेषतः विधवेची दुःस्थिती, असे यादीच्या आधारे म्हणता येईल. नायिकेचे नावही यमुनाच. परंतु आपट्यांनी ही हकीकत तिच्याच तोंडून सांगविली. लहानपणापासूनच्या घरगुती गोष्टी ती आपल्या समजुतीच्या मर्यादेत सांगते, आणि ज्या वागणुकीला ती रीत समजते, तिच्यातील क्रौर्य वाचकाला तिच्या आधी दिसते. उपदेशकाची गरज त्यामुळे आपोआप संपते. आणखी एक गोष्ट अनेक टीकाकारांच्या नजरेतून निसटते. यमुना लिहू शकते, कारण पतीच्या प्रोत्साहनाने ती लिहावाचावयास शिकली. म्हणजे तिचे निवेदन हे तंत्र तर आहेच, पण तिच्या आयुष्यातील अल्पकालीन सुखाचे फळही आहे. पतीच्या मृत्यूनंतर तिच्यावर जे केशवपनादी प्रसंग ओढवतात, त्यांचे वर्णन वाचताना ती कोणाच्या देणगीने हे लिहिते आहे याची जाणीव असलेला वाचक अधिक हेलावतो. कादंबरीतील शंकरमामंजी हे पात्र ‘खलपुरुष’ या एका शब्दात संपविण्याची प्रथा आहे. पण त्याची दहशत घरातील एका सुनेच्या नजरेतून दिसते म्हणून ती दहशत आहे. अंगणाबाहेर उभ्या राहिलेल्या निवेदकाला तो कदाचित हास्यास्पदही वाटला असता.

विश्राम बेडेकर (१९०६–१९९८) यांच्या रणांगण (१९३९) मध्ये निवेदकाची जागा याहून अवघड आहे. युरोपातून हिंदुस्थानकडे येणाऱ्या बोटीवर चक्रधर विध्वंस आणि जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी हॅर्टा यांची गाठ पडते. बोटीच्या मर्यादित जागेत व थोड्या दिवसांत युरोपातील वंशद्वेष, निर्वासितांचे भय आणि दोन माणसांचे प्रेम एकत्र कोंडले जाते. स्थळ येथे कथानकाला वेग देते, कारण बंदर आले की सर्व संपणार, हे दोघांनाही माहीत आहे. आणि सांगणारा चक्रधरच असल्यामुळे त्याच्या निष्क्रियतेचा साक्षीदारही तोच ठरतो. तृतीयपुरुषी निवेदनात ही एक करुण प्रेमकथा झाली असती.

पात्रांविषयी थोडक्यात सांगता येईल. फॉर्स्टर यांनी केलेले सपाट व गोलाईयुक्त पात्रांचे वर्गीकरण मराठी पाठ्यपुस्तकांत फार लोकप्रिय झाले, परंतु त्याचा उपयोग बहुधा निकालपत्रासारखा केला जातो. सपाट पात्र म्हणजे दोष नव्हे. मोठ्या पटाच्या कादंबरीत अनेक पात्रे एकाच रेषेत उभी असावी लागतात, अन्यथा मुख्य पात्राला हालचालीस जागा उरत नाही. आशयसूत्राविषयीही अशीच सावधगिरी हवी. वामन मल्हार जोशी (१८८२–१९४३) यांच्या रागिणी (१९१५) मध्ये तात्त्विक चर्चा उघडपणे येतात. ‘रागिणीत विचार आहेत’ हे विधान खरे असले, तरी त्या चर्चा कोणत्या पात्रांमध्ये व कोणत्या परिस्थितीत घडतात हे पाहिल्यावाचून ते समीक्षेच्या कामाचे नाही.

वातावरण या घटकाची मात्र मराठीत अधिक हेळसांड झाली आहे. श्री. ना. पेंडसे (१९१३–२००७) यांच्या गारंबीचा बापू (१९५२) नंतर ‘प्रादेशिक कादंबरी’ ही संज्ञा दृढ झाली, आणि स्थळाचे वर्णन म्हणजे वातावरण, अशी समजूत पसरली. या समजुतीची तपासणी करण्यास १९५५ मधील दोन कादंबऱ्या उपयुक्त आहेत. व्यंकटेश माडगूळकर (१९२७–२००१) यांच्या बनगरवाडीत माणदेशातील धनगरांच्या वस्तीवर एक तरुण शिक्षक येतो आणि तोच कथा सांगतो. तो परका असल्यामुळे वाडी त्याला, आणि त्याच्यामार्फत वाचकाला, हळूहळू उलगडते. अविश्वास ओसरण्याचा क्रम हाच पूर्वार्धाचा कथाक्रम होय. पुढे दुष्काळ पडून मेंढरे व माणसे पांगतात, तेव्हा ज्याला आपण वातावरण म्हणत होतो त्यानेच कथानकाचा शेवट केलेला असतो. गो. नी. दांडेकर (१९१६–१९९८) यांच्या पडघवली मध्ये उलट प्रकार आहे. तेथे कोकणातील मोडत चाललेल्या गावाची कहाणी त्याच घरात नांदणारी अंबावहिनी सांगते. तिला गाव समजून घ्यावयाचे नाही, ते हातचे जाताना पाहावयाचे आहे. दोन्ही गावे ओस पडतात. पण एकीकडे निवेदक निघून जाऊ शकतो, दुसरीकडे जाऊ शकत नाही.

ज्या कादंबरीत ‘कथानकच नाही’ अशी विद्यार्थ्यांची तक्रार हमखास असते, ती भालचंद्र नेमाडे (१९३८– ) यांची कोसला (१९६३) होय. खानदेशातील खेड्यातून पुण्यास शिकावयास गेलेला पांडुरंग सांगवीकर परीक्षांत नापास होऊन गावी परततो, यापलीकडे गोषवारा देता येत नाही. परंतु घटना एकमेकींना कारण होत नाहीत, ही पांडुरंगाची जगाविषयीची समजूतच आहे. धाकटी बहीण मनी हिच्या मृत्यूचे कारण त्याला कोठेही सापडत नाही. अशा निवेदकाच्या हाती कार्यकारणाने घट्ट बांधलेले कथानक दिले असते, तर ते खोटे ठरले असते. येथे कथानकाचा अभाव उणीव म्हणून नोंदविणाऱ्याने यादी वाचली, कादंबरी वाचली नाही, असे कठोरपणे म्हणावे लागते.

भाषेचा प्रश्न निवेदकाच्या प्रश्नाशी सर्वाधिक निगडित आहे. उद्धव शेळके (१९३१–१९९२) यांच्या धग (१९६०) मध्ये कौतिक या कष्टकरी स्त्रीची घर सावरण्याची धडपड वऱ्हाडी बोलीतील संवादांतून उभी राहते. आनंद यादव (१९३५–२०१६) यांच्या गोतावळा (१९७१) मध्ये नारबा हा शेतगडी निवेदक असून संपूर्ण कथन त्याच्या ग्रामीण बोलीत आहे. शेतावर ट्रॅक्टर येतो, जनावरे विकली जातात. ही जनावरेच नारबाचा गोतावळा असल्याने यांत्रिकीकरणाविषयी एकही विधान न करता लेखकाला जे दाखवावयाचे ते दिसते. प्रमाणभाषेत हीच हकीकत सांगितली असती, तर जनावरांना नात्याची नावे देणे लेखकाची कल्पकता वाटली असती. नारबाच्या बोलीत ती वस्तुस्थिती आहे. वरील सायखेड्याच्या प्रसंगातही भिजलेल्या वहीला दुकानदार कोणत्या शब्दाने उल्लेखतो आणि देणेकरी कोणत्या, हे लेखकास ठरवावे लागेल. आणि त्या दोन शब्दांपैकी कोणता निवेदनात ठेवावयाचा, हे ठरविताना तो कोणाच्या बाजूला उभा आहे हेही ठरून जाईल.