सर्वश्रेष्ठ चित्रपट कोणता? एका जुन्या कीर्तनकाराचे मत

वाचक माउलींनो, या मासिकात सिनेमाचा विषय काढला म्हणून कोणी रागावू नये. चाळीस वर्षे कीर्तन केले, आता गळा साथ देत नाही, म्हणून घरी बसून वाचन चालते. गेल्या आषाढीनंतर नातू सुट्टीला आला होता. त्याचा आणि त्याच्या मित्राचा जेवताना वाद लागला की जगातला सर्वश्रेष्ठ चित्रपट कोणता. दोघेही आपापल्या मतावर अडून बसले होते. मी ताटावरून उठेपर्यंत ऐकत राहिलो आणि मग मलाच त्या वादात रस वाटू लागला. कारण 'श्रेष्ठ कोण' हा प्रश्न आपल्याकडेही आहेच. कोणाचे कीर्तन मोठे, कोणाची दिंडी मोठी, हे आपण वारीच्या वाटेवर बोलतोच की.

नातवाने सांगितले की लंडनहून 'साइट अँड साउंड' नावाचे एक मासिक निघते. ते १९५२ पासून दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांना विचारते की तुमच्या मते सर्वश्रेष्ठ चित्रपट कोणते, आणि त्यांच्या मतांवरून यादी छापते. १९५२ साली पहिला आला 'बायसिकल थीव्हज' हा इटालियन चित्रपट. १९६२ ते २००२ अशा पाच याद्यांत 'सिटिझन केन' हा अमेरिकन चित्रपट पहिला राहिला. २०१२ साली 'व्हर्टिगो' वर गेला. २०२२ साली दीड हजारांहून अधिक लोकांनी मते दिली आणि शांताल अकरमन या बेल्जियन बाईंनी १९७५ साली काढलेला 'जान डिलमन' पहिला आला. सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' पहिल्या शंभरात आहे. मी विचारले, "आणि आपला 'संत तुकाराम'?" तो म्हणाला, "नाही आबा, शंभरात नाही."

मला राग आला नाही, पण चैनही पडेना. मग त्याने मला यादीतले काही चित्रपट दाखवले. त्यांविषयी आधी थोडे सांगतो.

'बायसिकल थीव्हज'मध्ये रोम शहरातल्या एका गरीब माणसाची सायकल चोरीला जाते. सायकल नसेल तर नोकरी नाही. तो आपल्या लहान मुलाला घेऊन गावभर ती शोधतो. शेवटी हताश होऊन स्वतःच एक सायकल चोरायला जातो आणि पकडला जातो. लोक त्याला धक्के मारतात आणि मुलगा ते पाहत असतो. मग मुलगा बापाचा हात धरतो. तेथे मी चष्मा काढून डोळे पुसले. 'सिटिझन केन'मध्ये एका धनाढ्य माणसाने आयुष्यभर वस्तू जमवल्या. मरताना त्याच्या तोंडी जो शब्द आला तो लहानपणी बर्फावर खेळायच्या एका घसरगाडीचा होता, आणि ती गाडी शेवटी भट्टीत जळून जाते. वैराग्याच्या निरूपणाला याहून चांगला दृष्टांत शोधून सापडणार नाही.

तेव्हा ही यादी वाऱ्यावरची नाही. पण आपल्या संप्रदायात विधान केले की प्रमाण द्यावे लागते. यादीतला पहिला नंबर सत्तर वर्षांत तीनदा बदलला. चित्रपट होते तेच राहिले, पाहणाऱ्यांची कसोटी बदलली. म्हणून मी नातवाला विचारले, "तुझी कसोटी काय?" तो छायाचित्रण, संकलन असे बरेच काही बोलला. मग म्हणाला, "आबा, तुमची?"

माझी कसोटी सांगायची तर मला एक जुनी चूक आधी कबूल करावी लागेल.

मी आठ-नऊ वर्षांचा असताना आमच्या गावच्या जत्रेत तंबूतल्या टुरिंग टॉकीजमध्ये 'संत तुकाराम' पाहिला. आजीने तंबूच्या दाराशी वहाणा काढल्या होत्या. पडद्यावर विष्णुपंत पागनीस दिसताच बायाबापड्यांनी हात जोडले. प्रभात कंपनीचा हा चित्रपट १९३६ सालचा. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले विष्णुपंत दामले आणि साहेबमामा फत्तेलाल यांनी तो दिग्दर्शित केला. आपल्या परंपरेत शेख महंमदांसारखे संत होऊन गेले, त्यामुळे तुकोबांचे चरित्र पडद्यावर आणताना फत्तेलालांचे हात लागले याचे मला नेहमी समाधान वाटते. मुंबईत हा चित्रपट वर्षाहून अधिक काळ चालला. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा खास गौरव झाला. म्हणजे ज्यांना मराठीचा गंध नाही त्यांनाही त्यात काही दिसले.

त्या चित्रपटात बीजाचे आणि वृक्षाचे एक गाणे आहे. एका बीजातून सृष्टी कशी पसरते आणि शेवटी एकच तत्त्व कसे उरते, असा त्याचा भाव आहे. ते माझ्या कानात बसले. पुढे कीर्तन करू लागलो तेव्हा एका गावी अद्वैताचे निरूपण करताना मी ते तुकोबांचा अभंग म्हणून प्रमाणाला घेतले. टाळकऱ्यांनीही झेलून धरले. कीर्तन रंगले. नंतर मागच्या ओळीतले एक म्हातारे वारकरी पाया पडले आणि हळूच म्हणाले, "महाराज, तो अभंग गाथेत कुठे सापडेल? मला पाठ करायचा आहे."

रात्री मुक्कामी गाथा काढली. साडेचार हजारांवर अभंग, पहाटेपर्यंत चाळले. सापडणार कसा? ते गाणे शांताराम आठवल्यांनी चित्रपटासाठी लिहिलेले, केशवराव भोळ्यांनी चाल दिलेले. त्यात तुकोबांची नाममुद्राही नाही. माझ्या ते ध्यानातच आले नव्हते. असा समज झालेला मी एकटा नव्हे, त्या काळी पुष्कळांचा झाला होता. पण मी कीर्तनकार होतो. सकाळी त्या बाबांना गाठून चूक सांगितली. ते म्हणाले, "असू द्या. तुम्ही सांगितलंत हे बरं झालं, नाहीतर मी पोरांना तसंच शिकवलं असतं."

आता गंमत पाहा. याच चित्रपटात सालोमालो आहे. तुकोबांच्या चरित्रात आपण मंबाजीचा त्रास ऐकतो, पण चित्रपटात मुख्य खलनायक सालोमालो आहे. त्याचा दोष कोणता? तुकोबांच्या शब्दांना तो आपले नाव लावतो. आम्ही दुसऱ्याच्या शब्दांना तुकोबांचे नाव लावले. आठवल्यांचे श्रेय त्यांना दिले नाही आणि गाथेत नसलेले गाथेत घातले. हेतू चांगला होता हे खरे, पण प्रमाणाच्या बाबतीत हेतू पुरत नाही.

त्यानंतर कित्येक वर्षे मी या चित्रपटावर रुसलो होतो. कीर्तनात त्याचा विषय निघाला की म्हणत असे, तो सिनेमा आहे, संतचरित्र नव्हे. यंदा नातवाबरोबर तो पुन्हा पाहिला आणि मत थोडे बदलले. पूर्ण बदलले असे नाही.

दोष आधी सांगतो. चित्रपटातले तुकोबा पहिल्यापासून शांत आहेत. पागनीसांच्या डोळ्यांतला भाव खरा वाटतो, आवाजात कळवळा आहे, याबद्दल वाद नाही. पण गाथेतले तुकोबा एवढेच नाहीत. दुष्काळात दिवाळे निघालेले, घरातली माणसे मेलेली, लोकांत तोंड दाखवायला लाजणारे तुकोबा गाथेत आहेत. ढोंगी गुरूंना फोडून काढणारे आहेत. आणि देवाशी भांडणारे तर पानोपानी आहेत. देव भेटत नाही म्हणून त्याला कठोर बोलणारा, तुझ्याशी माझे काय काम म्हणणारा भक्त तेथे आहे. ती तळमळ, तो संताप पागनीसांच्या तुकोबांत मला फारसा दिसला नाही.

मग तो गेला कोठे? यंदा माझ्या लक्षात आले की तो सारा अवलीकडे गेला आहे. चित्रपटातली जिजाई, म्हणजे गौरीबाईंनी केलेली अवली. या बाई कोणी मोठ्या नामांकित नटी नव्हत्या, पण अंगणातल्या म्हशीशी त्या बोलतात तेव्हा पडदा आहे हे विसरायला होते. मूल आजारी, घरात दाणा नाही, नवरा भजनात. अशा वेळी ती मुलाला ओढत देवळात नेते आणि पायातली वहाण हातात घेऊन विठोबासमोर उभी राहते. लहानपणी त्या प्रसंगाला तंबूतली माणसे हसत होती. मीही हसलो होतो. आता हसू आले नाही. ती ज्याच्यावर वहाण उगारते त्याच्याविषयी तिची खात्री आहे की तो तेथे आहे आणि ऐकतो आहे. नसलेल्या देवावर कोणी वहाण उगारत नाही. गाथेतल्या तुकोबांचे देवाशी जे भांडण, ते चित्रपटाने बायकोच्या तोंडी दिले. दोघे मिळून तुकोबा पुरे होतात. एकटे पागनीस असते तर ते भिंतीवरच्या तसबिरीसारखे झाले असते.

शेवटी विमान येते. नातू त्या विमानाला हसला, मी त्याला हसू दिले. पण नवरा वैकुंठाला निघाला असताना मुलांसाठी मागे राहणारी अवली पाहिली आणि तोही गप्प झाला.

येथे मला त्या यादीतला पहिला नंबर आठवला. 'जान डिलमन' आम्ही दोन संध्याकाळी मिळून पाहिला; तीन तासांहून मोठा आहे. ब्रुसेल्समधली एक विधवा बाई घरात बटाटे सोलते, अंथरूण घालते, मुलाला वाढते, आणि कॅमेरा हलत नाही. तिच्या आयुष्यातली लपवलेली गोष्ट आणि शेवटचा भयंकर प्रसंग येथे सांगत नाही. पण घरकाम करणाऱ्या बाईकडे इतका वेळ बघा, असे कोणी सांगितले हे मला आवडले. जनाबाईंच्या जात्याकडे आपण सातशे वर्षे बघतोच आहोत. फरक एवढाच की त्या बाईला भांडायलासुद्धा कोणी नाही. जनाबाईंना दळू लागणारा आहे आणि अवलीला भांडायला विठोबा आहे. तो चित्रपट पाहून मला त्या बाईची दया आली आणि आपल्या आयाबहिणींकडे आपण किती कमी पाहतो याची लाजही वाटली. माझ्या स्वतःच्या घरात वारीला जाणारा मी होतो. मागे राहून गोठा, चूल आणि पोरे सांभाळणारी कोण होती, हे वाचकांनी ओळखावे.

तर माझी कसोटी ही. चित्रपट संपल्यावर माणूस कोठे जातो ते पाहावे. 'बायसिकल थीव्हज' मला मुलाच्या हाताकडे घेऊन गेला, 'जान डिलमन' स्वयंपाकघराकडे, आणि 'संत तुकाराम' गाथेकडे. त्या अर्थाने तिन्ही थोर. कीर्तनकाराचेही तेच आहे. कीर्तन संपल्यावर श्रोत्याच्या ओठांवर कीर्तनकाराचे नाव असेल तर काहीतरी चुकले असे आमचे गुरुजी सांगत. पण ही कसोटी पाहणाऱ्यावरही जबाबदारी टाकते. चित्रपटाने गाथेकडे बोट दाखवले आणि आम्ही बोटालाच गाथा समजलो, यात चित्रपटाचा दोष थोडा आणि आमच्या आळसाचा मोठा.

'संत तुकाराम' पुढच्या यादीत शंभरात येवो न येवो. मी त्याला माझ्यापुरता श्रेष्ठ म्हणतो. त्यातला पहिला मान अवलीचा आणि दुसरा पागनीसांचा. घरात मुलांना तो जरूर दाखवा. बीजाचे ते गाणे आले की सांगा, हे आठवल्यांचे, सुंदर आहे. आणि त्या रात्री गाथा उघडून देवाशी भांडणाचा एखादा अभंग मोठ्याने वाचा. मुले विचारतील, तुकोबा इतके रागावले होते का? तेथून पुढचे कीर्तन तुम्ही करा.

रामकृष्ण हरी.